बोल्टावरची निळी रेघ

मित्सुगु ओसानाई वारला तेव्हा त्याची बायको कियोए चारचौघांत रडली नाही, याची गावात फार चर्चा झाली. मी तिच्या समोरच राहते. गल्ली ओलांडली की तिचं दार. त्यामुळे बाजारात बायका मला गाठून विचारायच्या, "फुमियो, ती घरात तरी रडते का गं?" मी म्हणायचे, मला काय ठाऊक, मी दिवसभर माकुलं वाळत घालत असते.

ठाऊक होतं. रडत नव्हती ती. दुसरंच काहीतरी करत होती, आणि ते काय हे कळायला मला तीन वर्षं लागली.

मित्सुगु बावीस वर्षं इसोजिमाच्या गॅरेजात होता. त्सुगारूच्या आमच्या किनाऱ्यावर हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, वरून समुद्राचा वारा, त्यामुळे गाड्या खालून कुजतात. गॅरेज गावात एकच. दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, ती इसोजिमाकडेच व्हायची, आणि कागदावर शिक्का लागायचा तो तिथल्या तपासनिसाचा, म्हणजे मित्सुगुचा. तो शिक्का ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये असायचा. सगळ्यांना माहीत होतं. त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी हाचिया नावाच्या कोळ्याची गाडी बंदराच्या उतारावर होती आणि तिचं पुढचं डावं चाक अचानक जाम झालं. गाडी गरकन फिरली आणि समुद्राच्या भिंतीवर आदळली. हाचियाचा पाय दोन ठिकाणी मोडला, तो पुन्हा बोटीवर गेला नाही. चाक उघडलं तर आतल्या पिना गंजून लाकडासारख्या घट्ट. आणि कागद पंधरा दिवसांपूर्वीचा: पुढचे ब्रेक उघडले, साफ केले, ग्रीस लावलं. खाली मित्सुगुचा शिक्का.

मित्सुगु म्हणाला, "मी ती गाडी उघडलीच नाही. मी मालकांना म्हणालो होतो, हिला एक दिवस लागेल. ते म्हणाले, गिऱ्हाईक घाईत आहे, सोड."

इसोजिमा सगळ्यांसमोर म्हणाला, "बावीस वर्षं सांभाळला याला. आता मालकावर ढकलतोय."

लोकांनी शिक्का बघितला. मित्सुगुचा परवाना गेला, नोकरी गेली. तरी तो हाचियाच्या घरी गेला आणि दारात गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावून बसला. शिक्का माझा आहे, एवढंच म्हणाला. झालं, गावाला वाटलं याने कबुली दिली. त्यानंतर तीन वर्षं तो घरात होता. रस्त्यात भेटला की माझ्या चपलांकडे बघून बोलायचा. मग पोटाचं दुखणं निघालं आणि त्यात गेला.

अंत्यविधीला इसोजिमा काळा सूट घालून आला. पैशांचं पाकीट ठेवलं, उदबत्ती लावली, आणि खिशातून एक छोटी कापडी पिशवी काढून कियोएच्या हातात दिली. "वहिनी, त्यांचा शिक्का. ड्रॉवरमध्येच राहिला होता. तुम्हाला लागेल."

कियोएने पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि वाकून नमस्कार केला. मी शेजारीच उभी होते. संध्याकाळी भांडी आवरताना ती मला म्हणाली, "त्याचं अंगण रिकामं करायचंय मला."

"कसलं अंगण?"

"गाड्या उभ्या असतात ते."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं.

*

मग तिच्या शेडमधून पान्यांचे आवाज यायला लागले. तिची एक छोटी पांढरी गाडी होती. तिचे ब्रेक ती उघडायची, बंद करायची, परत उघडायची. नवऱ्याची जाडजूड पुस्तकं तिने पाटावर मांडली होती, पानांवर बोटांचे काळे ठसे. एकसष्ट वर्षांची बाई. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवलेला. मी म्हटलं, नवऱ्याची आठवण काढायची ही एक पद्धत असेल.

गेल्या ऑक्टोबरमध्ये माझी व्हॅन वास मारायला लागली. माकुलांचा वास नव्हे, तो तर असतोच. जळका, तोंडात कडू चव आणणारा. सरळ रस्त्यावर गाडी आपली डावीकडे जायची. मी दोन आठवडे तशीच हिंडले. एका सकाळी दारात गाडी लावली तर कियोए गल्ली ओलांडून आली, चाकाजवळ हात नेला आणि न टेकवताच मागे घेतला. मग माझ्या बादलीतलं पाणी ओंजळीने चाकावर उडवलं. चर्र असा आवाज झाला.

"डावीकडे ओढते ना?"

"इसोजिमाकडे सांगितलंय, ताई. पुढच्या महिन्यात घेतो म्हणाला."

"पुढच्या महिन्यापर्यंत तू हाचिया झालेली असशील." तिने व्हॅनला एक फेरी मारली. "शेडमध्ये घे. जुने कपडे घाल."

मी कपडे बदलून गेले तर ती उलट्या ठेवलेल्या बिअरच्या क्रेटवर बसली होती, दोन्ही हात अॅप्रनखाली. म्हणाली, "तुझी गाडी, तुझे हात. परवान्याशिवाय दुसऱ्याचे ब्रेक उघडणं हा धंदा समजतात, गुन्हा आहे. स्वतःचे कुणीही उघडावेत. मी फक्त बसणार आहे."

"मला काय येतंय त्यातलं?"

"माकूल साफ करतेस ना? मग आतली घाण काढता येते तुला."

मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅकने उचलली. मी खाली वाकणार तेवढ्यात ती ओरडली, "जॅकवर भरवसा ठेवू नकोस. लोखंडी घोडी लाव खाली आधाराला. मला शेजारीण जिवंत हवीय."

चाक हाताने फिरवलं तर अर्धा फेरा घेऊन खरवडत थांबलं. पलीकडचं चाक मात्र दोन-तीन फेरे मोकळं फिरत होतं. चाक काढलं. आत चकचकीत डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी पंजासारखा धरून बसलेला कॅलिपर.

"पेडलवरून पाय उचलला की त्या पंजाने सोडायचं असतं," कियोए म्हणाली. "हा सोडत नाहीये. दोन पिनांवर तो सरकतो, त्या जाम असतील. नाहीतर आतला पिस्टन. आधी ब्रश मार, माती खाली पडू दे."

मी तारेच्या ब्रशने घासायला लागले. मिठाचे पापुद्रे, गंज, चिखल. मागच्या बाजूला पिनेच्या बोल्टाचं डोकं मोकळं झालं आणि त्याच्यावर रंगाची एक बारीक रेघ दिसली. निळी. बोल्टाच्या डोक्यावरून निघून सरळ कॅलिपरच्या अंगावर गेलेली, नखाएवढी लांब.

"हे काय आहे?" मी विचारलं.

मी मागे बघितलं. कियोए उभी राहिली होती. तिने हात पुढे केला, पण टेकवला नाही.

"ही त्यांची आहे," ती म्हणाली.

मित्सुगु बोल्ट नीट आवळला की त्यावर अशी रेघ मारायचा. बोल्ट नंतर कुणी फिरवला तर रेघ तुटते, दोन तुकडे जुळत नाहीत. दर वर्षी तो रंग बदलायचा, म्हणजे कधी उघडलं होतं हे बघता क्षणी कळावं. कियोएने त्याची वही आणून दाखवली. निळा रंग होता त्याच्या नोकरीच्या शेवटच्या आधीच्या वर्षाचा. सात वर्षांपूर्वीचा.

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी घरी पळाले आणि ड्रॉवरमधून गाडीचे कागद काढले. मधल्या काळात तीन तपासण्या झाल्या होत्या. तिन्ही कागदांवर छापलेलं: पुढचे ब्रेक उघडले, पिना साफ केल्या, ग्रीस लावलं. आणि रेघ अखंड.

"सात वर्षांत पाना लागला नाही याला," मी म्हणाले. रोज मी या गाडीत बंदराचा उतार उतरते. "आत्ताच्या आत्ता जाते त्याच्याकडे."

"जाऊ नकोस."

"का?"

"एक गाडी म्हणजे चूक. इसोजिमा दिलगिरी व्यक्त करेल, सफरचंदांची पेटी पाठवेल, आणि तू गप्प बसशील."

"मी?"

"तुला सफरचंदं आवडतात." तिने फोन काढला. "रेघेशेजारी तोंड आण. आजचा पेपर धर हातात. हसू नकोस."

*

फोटो काढून झाल्यावर तिने मला परत कामाला लावलं, जसं काही घडलंच नव्हतं. वरची पिन निघाली. खालची हलेना. गंज सोडवणारं तेल मारलं, चहा प्यायलो, परत मारलं. पकडीने धरून मी तिला एवढं-एवढं डावी-उजवीकडे फिरवत राहिले. तासाभराने ती करकरत सुटली आणि बाहेर आली, तपकिरी, जुन्या गाजरासारखी. तिच्यावरची रबरी टोपी फाटलेली होती, तिथूनच पाणी आत गेलं होतं.

"आता पिस्टन. तो आणि पंजाच्या नख्या यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा धर. मी पेडल दाबते."

"तो गुन्हा नाही?"

"पेडल दाबणं म्हणजे उघडणं नव्हे. नीट वाचलंय मी."

पिस्टन फस्सकन बाहेर आला आणि ब्रेकचं तेल माझ्या गमबुटांवर सांडलं. त्याच्या तोंडाशी गंजाचं कडं धरलं होतं. बारीक पॉलिश पेपर ओला करून मी ते हलक्या हाताने घासलं. नव्या टोप्या आणि आतलं रबराचं कडं टपालाने यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी माकुलं सायकलवरून विकली आणि दर चढावावर इसोजिमाला शिव्या दिल्या.

सामान आल्यावर पिनांना गुलाबी ग्रीस लावलं, रबराला चालतं ते. दुसरं कुठलं लावलं तर रबर फुगतं आणि महिन्याभरात परत हीच गत, असं कियोएने चार वेळा बजावलं. पिना आत सरकवल्या, बोटाने ढकलल्या की लोण्यासारख्या जात होत्या. मग पारदर्शक नळी लावून ब्रेकच्या तेलातली हवा काढली. ती आत बसून पेडल दाबायची, मी खालून स्क्रू सैल करायचे, बाटलीत बुडबुडे यायचे, मी घट्ट केलं की ती पाय उचलायची. बुडबुडे संपेपर्यंत.

शेवटी चाक लावून हाताने फिरवलं. फिरतच राहिलं. मी तिथे फरशीवर बसून त्याच्याकडे बघत राहिले, बघण्यासारखं होतं म्हणून.

"आता," कियोए म्हणाली, "सोमा मास्तरांना सांग. त्यांची गाडीही ओढते म्हणत होते."

*

सोमा मास्तर म्हणजे आमच्या शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त झालेत. त्यांच्या बोल्टावरही निळी रेघ निघाली. त्यांनी चष्मा पुसून तीनदा बघितली आणि कागदांशी तारखा ताडून बघितल्या. मग भाजीवाली आली. मग टोफूच्या दुकानातली दोघं. कियोए क्रेटवर बसायची, हात अॅप्रनखाली, आणि लोक आपापल्या गाडीखाली. चहा असायचा, मुळ्याचं लोणचं असायचं. "मास्तर, कॅलिपर नळीवर लटकवू नका, तारेने बांधा. नळी तुटली तर वर्गाबाहेर उभं करीन." सगळे हसायचे. कियोए हसायची नाही. रेघ सापडली की फोटो, आणि फोटो पाठीमागच्या खोलीत.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत अकरा गाड्या उघडल्या गेल्या. नऊंवर रेघ अखंड होती.

इसोजिमाचं अंगण विरळ व्हायला लागलं. स्वतःचे ब्रेक स्वतः उघडणारा माणूस पुढे टायरही स्वतःच बदलतो, ऑइलही. आणि कुणी विचारलं नाही तरी आपली रेघेची गोष्ट हळूच सांगतो. इसोजिमाने परिवहन कार्यालयात तक्रार केली की ओसानाई बाई परवान्याशिवाय गॅरेज चालवते. एक तरुण अधिकारी आला. शेडमध्ये सोमा मास्तर त्यांच्या दुसऱ्या चाकाशी झटत होते, कपाळावर ग्रीस.

"तुम्ही इथे काय करता?" अधिकाऱ्याने कियोएला विचारलं.

"बसलेय."

"हे काम तुम्ही करून देता?"

"हे काम मी बिघडवतोय," मास्तर खालून म्हणाले. "त्या फक्त बोलतात."

अधिकाऱ्याने मास्तरांची नोंदवही बघितली. स्वतः काम केलं तरी नोंद ठेवावी लागते, आणि ती कियोएने प्रत्येकाला ठेवायला लावली होती. त्याला काही सापडलं नाही. जाताना त्याचं लक्ष कॅलिपरकडे गेलं. "ही रेघ कसली?"

मी तोंड उघडणार होते. कियोए म्हणाली, "रंग आहे."

तो गेल्यावर मी तिच्यावर चिडले. "सांगून टाकायचं होतंस की. आज परवाना गेला असता त्याचा."

"ऑफिसात जाईल. बंद दारामागे. दोन ओळींचं पत्र येईल." ती लोणच्याची बरणी बंद करत होती. "माझ्या नवऱ्याचं काय बंद दारामागे झालं होतं?"

*

महिन्याच्या शेवटी एका दुपारी बर्फमिश्रित पाऊस पडत होता आणि गल्लीत एक राखाडी गाडी येऊन थांबली. त्यातून रित्सुको उतरली, इसोजिमाची बायको. गॅरेजच्या ऑफिसात ती हिशेब आणि कागदपत्रं बघायची. व्यवस्थित केस, पातळ हातमोजे.

"माझीही ओढते," ती म्हणाली.

मला वाटलं नवऱ्याने हेरायला पाठवलंय. कियोए क्रेटवरून उठली आणि फार अदबीने म्हणाली, "या वहिनी. चाकाचे नट आधी सैल करायचे. गाडी खाली असताना."

तिने रित्सुकोला चहा विचारला नाही. आम्हा सगळ्यांना विचारायची. ठोकळे, जॅक, घोडी, चाक. रित्सुकोचं एक नख तुटलं, तरी तिने पाना सोडला नाही. ब्रश मारला. पापुद्रे खाली पडले आणि बोल्टावर रेघ निघाली. पांढरी.

"ही पांढरी आहे," रित्सुको म्हणाली.

"निळ्याच्या आधीचं वर्ष. आठ झाली याला."

रित्सुको ब्रश हातात धरून तशीच राहिली. आठवड्यातून दोनदा ती सासूला घेऊन डायलिसिसला जाते, घाटातून. हे सगळ्या गावाला माहीत आहे. नवऱ्याने स्वतःच्या बायकोची आणि आईचीही गाडी उघडली नव्हती. दर खेपेला कागद मात्र भरला होता, आणि तो कागद हिनेच टाईप केला होता.

मग ती जमिनीकडे बघून म्हणाली, "हाचियांच्या कागदावर शिक्का मी मारला होता."

मी कियोएकडे बघितलं. तिच्या पायाशी सगळे पाने ओळीने मांडलेले होते. मला खरंच वाटलं, ती एक उचलणार.

"आमचे हे आत आले," रित्सुको बोलत होती, "म्हणाले, मित्सुगु जेवायला गेलाय, गिऱ्हाईक उभं आहे, ड्रॉवरमधला घे आणि मार. मी मारला. नंतर तुमच्या यजमानांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. ते कुणाजवळ माझं नाव बोलले नाहीत."

"नाही बोलले," कियोए म्हणाली. "माझ्याजवळही नाही."

रित्सुको गुडघ्यांवर होतीच, तिने डोकं खाली नेलं. कियोएने ते पूर्ण खाली जाऊ दिलं नाही.

"खालची पिन निघाली नाही अजून. फिरवा."

"वहिनी..."

"फिरवा. या गाडीत म्हातारी बसते."

चार दिवस तिच्याकडून सगळं करून घेतलं. गार फरशीवर, उघड्या हातांनी. पिस्टनला ओरखडा दिसला तर नवा मागवायला लावला. पिना चार वेळा पुसून परत ग्रीस लावायला लावलं. मला, मास्तरांना तिने कधी एवढं पिळलं नव्हतं. रित्सुकोची बोटं फुटली, सालटी निघाली. मी गुपचूप तिला औषधाची डबी द्यायला गेले तर कियोएने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी डबी खिशात घातली. आज सांगते, मला त्याची लाज वाटते.

चाक लागलं. मोकळं फिरलं. कियोए म्हणाली, "रविवारी सभागृहात बर्फ काढायच्या पाळ्या ठरवायला बैठक आहे. सगळे येतील."

रित्सुकोला लगेच कळलं. "तिथे?"

"तिथे."

"मला त्या घरात राहायचंय, वहिनी."

"मलाही माझ्या घरात राहायचं होतं. माणसासकट."

*

रविवारी सकाळी दहा वाजता सभागृह भरलं होतं. इसोजिमा वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष, तो समोर टेबलापाशी. कियोए सगळ्यांच्या आधी आली होती आणि फळ्यावर, पाळ्यांच्या तक्त्याच्या खाली, तिने दहा फोटो ओळीने लावले होते. दहा तोंडं, दहा पेपर, दहा रेघा. दहावं तोंड रित्सुकोचं होतं. शेजारी त्या-त्या गाडीच्या कागदांच्या नकला.

लोक पुढे जाऊन बघायला लागले. सोमा मास्तरांनी वर्गात सांगायचे तसं, शांतपणे, रंग आणि वर्षं समजावून सांगितली. सभागृहात कुजबुज वाढली.

इसोजिमा हसला. "रंगाच्या रेघा. कुणीही मारेल. घरात बसून ओसानाई बाईंना दुसरा उद्योग काय?" मग त्याची नजर दहाव्या फोटोवर गेली आणि हसू तिथेच राहिलं.

रित्सुको उभी राहिली. बोटांना पट्ट्या होत्या. तिने सगळं सांगितलं, मोठ्याने, ऑफिसात फोनवर बोलते तशा आवाजात: घाई, ड्रॉवर, जेवायला गेलेला मित्सुगु.

इसोजिमा गप्प बसला असता, खाली मान घातली असती, तरी कदाचित लोकांनी काही तडजोड केली असती. आमचं गाव तसं तडजोडीचं आहे. तो म्हणाला, "ऐकलंत ना? शिक्का हिने मारला. मी नाही मारला. हिला विचारा."

सहा वर्षांपूर्वीचा तोच आवाज, तेच बोट. फक्त या खेपेला बोटापुढे त्याची बायको होती. सगळ्यांना ते एकदमच दिसलं. मागून भाजीवाली म्हणाली, "बघा, परत दुसऱ्यावरच," आणि कुणीतरी खुर्ची जोरात मागे सारली.

हाचिया काठी टेकत उठला. त्याला चालायला वेळ लागतो. सगळ्यांना वाटलं तो इसोजिमाकडे निघालाय, इसोजिमालाही वाटलं, तो एक पाऊल मागे सरला. हाचिया कियोएसमोर जाऊन थांबला. "ते माझ्या दारात डोकं टेकून बसले होते. पाऊस होता. मी त्यांना उठा म्हणालो नाही."

"नाही म्हणालात," कियोए म्हणाली.

तो जमेल तेवढा वाकला. ती वाकली नाही. तशीच ताठ उभी राहून त्याच्या टकलाकडे बघत राहिली, तो स्वतःहून सरळ होईपर्यंत.

इसोजिमा दाराकडे निघाला. कुणी वाट अडवली नाही, कुणी वाटही दिली नाही, तो खुर्च्यांना अडखळत गेला. सभागृहात आत घालायच्या हिरव्या सपाता पायात, त्याच घालून तो चिखलात उतरला, आपले बूट तिथेच विसरून. खिडकीतून तो दिसत होता, सपाता चिकटतायत, तो पाय झाडतोय. माझ्या शेजारी कसला तरी आवाज झाला. कियोए हसत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि ते पाणी मग थांबेना. मी तिला धरून बाहेर आणलं.

*

तो तरुण अधिकारी परत आला, या वेळी दोघांना घेऊन. आता कियोएने त्याला सगळं दिलं, वहीसकट. जानेवारीत गॅरेजचा परवाना गेला. मित्सुगुच्या नावावरचा ठपका काढल्याचं पत्र आलं, दोन ओळींचं, ती म्हणाली होती तसंच. रित्सुको सासूला घेऊन हिरोसाकीला बहिणीकडे गेली. तिथून तिने कियोएला पत्र पाठवलं. कियोएने ते न फोडता परत टपालात टाकलं.

गावाचं काही फार भलं झालं असं नाही. आता तपासणीसाठी घाट ओलांडून पन्नास मिनिटं जावं लागतं, तेही भर बर्फात. गॅरेजातले दोघं मेकॅनिक कामासाठी शहरात गेले, त्यांचा यात काही दोष नव्हता. लोक कुरकुरतात. टोफूच्या दुकानात एक बाई कियोएच्या तोंडावर म्हणाली, "तुमचा राग शमला, पण आमची सोय गेली."

कियोए म्हणाली, "चालत जा."

फेब्रुवारीत एकदा आम्ही तिच्या ओट्यावरचा बर्फ काढत होतो. मी तिला विचारलं, "देव्हाऱ्यातल्या मित्सुगुंच्या फोटोपुढे बसून सांगितलंस का त्यांना? इसोजिमाचं?"

"नाही."

"का गं?"

ती फावडं टेकून उभी राहिली. "त्यांना आवडलं नसतं. ते हाचियाकडे गेले तेव्हाच मला कळलं होतं, यांच्याच्याने हे होणार नाही. रित्सुकोला फरशीवर बसवलं हे कळलं असतं तर माझ्याशी आठवडाभर बोलले नसते." मग म्हणाली, "परत तशी आली तर परत बसवीन."

तिच्या आवाजात पश्चात्ताप शोधून बघितला मी. नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला तो हवाही नव्हता. माझ्या व्हॅनचं चाक मी त्या उतारावर रोज ऐकत जाते.

"उजवी बाजू उघडलीस का?" तिने विचारलं.

"थंडी संपू दे की, ताई."

"मिठाला थंडी वाजत नाही," ती म्हणाली आणि परत बर्फ उपसायला लागली. मी घरी जाऊन जुने कपडे घातले.